वाट अडवणाऱ्याची फजिती

तमाशात गण झाला, गणपतीला नमन करून झालं, की गवळण सुरू होते. मथुरेच्या बाजाराला दूध, दही, लोणी घेऊन निघालेल्या गवळणी, त्यांची राखण करणारी मावशी आणि वाटेत आडवा आलेला कृष्ण. कृष्णाच्या सोबतीला लंगडा पेंद्या. दान दिल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही, असा कृष्णाचा हुकूम. त्याला लोणी हवंय की गवळण, हे फडासमोर बसलेल्या शेवटच्या माणसालाही ठाऊक असतं. कृष्ण देव आहे, खेळाचा नायक आहे, आणि समोर बसलेल्यांच्या घरी तो देव्हाऱ्यात पुजलाही जातो. तरी या प्रवेशात हसं होतं ते त्याचंच. नऊवारी नेसून, पदर सावरत आलेला पुरुष म्हणजे मावशी. तिच्या लेखी हा तिन्ही लोकांचा स्वामी नाही, नंदाचा वाह्यात पोरगा आहे. ती त्याला कामधंदा विचारते, आईबापाचं नाव विचारते आणि त्याच्या प्रत्येक ऐटीची हवा काढते. गवळणी तिच्या आडून टोमणे मारतात. वाट शेवटी मोकळी होते, पण तोवर वाट अडवणाऱ्याची चांगलीच फजिती झालेली असते.

हा प्रवेश शे-सव्वाशे वर्षं गावोगावच्या जत्रांत, रात्रीच्या रात्री होत आला आहे. मला त्यात पश्चिम महाराष्ट्राच्या लोककलेचा एक पक्का नियम दिसतो. इथं पुरुष प्रेमाची मागणी घालतो तेव्हा आधी त्याला हसू झेलावं लागतं, आणि त्याला उत्तर देणारी बाई त्याच्यापेक्षा हजरजबाबी असावी लागते. शृंगार आणि विनोद इथं वेगळे काढता येत नाहीत. विनोद बाईच्या बाजूनं उभा राहतो, म्हणून चार माणसांत शृंगाराचं बोलता येतं.

कोल्हापूरकराला हे समजायला फार सायास पडत नाहीत. त्याला हलगी पहिल्यांदा ऐकू येते ती बहुधा कुस्तीच्या मैदानात. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेल्या खासबागेत हलगी-घुमक्याचा कडकडाट सुरू झाला की पैलवानाच्या अंगात वारं भरतं. तीच हलगी ढोलकी-फडाच्या तमाशात ढोलकीशेजारी उभी असते. तमाशातला सवाल-जवाबही कुस्तीसारखाच चालतो. एकानं डाव टाकायचा, दुसऱ्यानं त्याची तोड काढायची, आणि तोड नुसती बचावाची असून चालत नाही, तिच्यातूनच पुढचा डाव निघावा लागतो. सवाल संपतो तिथं ढोलकी एक तुकडा वाजवून थांबते. त्या थांबण्यात सगळा फड श्वास रोखून बसतो. उत्तर आलं, नेमक्या मात्रेवर पडलं, सुरत्यांनी ‘जी जी’ म्हणत झील धरली, की फेटे उडतात.

सवाल-जवाबाची परंपरा मुळात प्रेमाची नव्हे, अध्यात्माची. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. एका पक्षाच्या शाहिरानं डफावर कोडं घालायचं, दुसऱ्यानं ते सोडवून उलट कोडं टाकायचं. ही भेदिक शाहिरी सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत रुजली आणि सीमेपलीकडच्या कानडी मुलखातही कलगी-तुऱ्याचे पक्ष आहेत. प्रकृती थोर की पुरुष थोर, हा तिथला प्रश्न. शाहिरी फडातून तो तमाशाच्या बोर्डावर आला तेव्हा त्याला देह मिळाला. एका बाजूला डफ घेतलेला शाहीर, दुसऱ्या बाजूला पायांत चाळ बांधलेली बाई. तत्त्वज्ञानातला वाद बाई आणि पुरुष यांच्यातला वाद झाला, तरी नियम जुनेच राहिले: ज्याला उत्तर सुचणार नाही तो हरला, मग तो कितीही मोठा असो.

पेशवाईतल्या शाहिरांनी लावणीला शब्दकळा दिली. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ ही त्यातली मोठी नावं. त्यांच्या शृंगारिक लावण्यांत स्त्री बोलते खरी, पण बरेचदा ती विरहिणी असते नाहीतर लाडिक हट्ट करणारी असते. तिला खट्याळ, सडेतोड तोंड मिळालं ते वगाच्या, म्हणजे तमाशातल्या नाट्याच्या, जमान्यात. सांगलीकडच्या सावळजच्या उमा-बाबूंनी १८६५ च्या सुमारास ‘मोहना बटाव’ उभा केला, तो पहिला वग मानतात. पुढं वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरदार आणि जात मागं टाकून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. १८६६ चा त्यांचा जन्म. त्यांच्या शब्दांना पवळाबाईचा आवाज आणि अंग मिळालं. तोवर तमाशात बाईचं काम नाच्या पोरगा करत असे. पवळा बोर्डावर सुरुवातीला उभ्या राहिलेल्या स्त्रियांपैकी एक. आता उत्तर देणारी खरोखरीची बाई होती.

पण उत्तर लिहिणारा पुरुष होता, आणि हे विसरून चालणार नाही. लावणीतली स्त्री पुरुषाला कितीही खडे बोल सुनावत असली, तरी ते खडे बोल बहुतेक वेळा शाहिरानं बांधलेले असत. तिच्या स्वतःच्या मालकीची जागा होती बतावणीत. बतावणी लिहिलेली नसते. सोंगाड्यानं काही टाकायचं, बाईनं ते झेलून परत मारायचं, गावातल्या कालच्या भानगडीचा संदर्भ आज रात्री घ्यायचा. कसलेली तमासगिरीण इथं ओळखू येते. पुढच्या रांगेत मिशीला पीळ देत बसलेल्या पाटलाला ती सोंगाड्याच्या आडून असं काही बोलते की सगळं गाव हसतं आणि पाटलालाही हसावं लागतं. दिवसा त्याच पाटलापुढं तिला मान वर करायची सोय नसते. कोल्हाटी, महार, मांग, डोंबारी अशा जातींतून आलेल्या या बायकांच्या वाट्याला दौलतजादा आला, उपेक्षा आली, फरपट आली. बोर्डावरच्या त्या दोन-तीन घटका मात्र त्यांच्या होत्या. मला या विनोदाबद्दल जो आदर वाटतो तो यामुळे.

वगातलं प्रियाराधन अतिशयोक्तीनं रंगतं. मागणी घालणारा जितका अपात्र, तितका वग मोठा. ‘गाढवाचं लग्न’ घ्या. हरिभाऊ वडगावकरांचा हा वग दादू इंदुरीकरांनी अजरामर केला. इंद्राच्या शापानं गाढव झालेला गंधर्व सावळ्या कुंभाराच्या दारी येतो आणि राजाच्या मुलीला मागणी घालतो. मागणी गाढवाची, पण ती राजापुढं मांडायची सावळ्यानं. गाढव जावई होऊ पाहतंय आणि राजाला ते धड झिडकारताही येत नाही, या पेचात सगळा दरबार हास्यास्पद होतो. त्याला समांतर सावळ्या आणि त्याची बायको गंगी यांचा घरगुती झगडा चालतो, आणि प्रभा शिवणेकरांची गंगी इंदुरीकरांच्या सावळ्याला शब्दाला शब्द देत असे. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये, म्हणजे मूळच्या ‘छपरी पलंगाच्या वगा’त, मैनावती कोतवालाकडं हट्ट धरते तो थेट राजाच्या छपरी पलंगाचा. प्रेमात पडलेल्या अधिकाऱ्याची अक्कल किती लवकर गहाण पडते, हे दाखवायला एक पलंग पुरतो. सांगलीजवळच्या कवलापूरचे जुळे भाऊ लहू आणि अंकुश खाडे, म्हणजेच काळू-बाळू, ‘जहरी प्याला’ वगात हवालदार होऊन आले की वर्दीचा दरारा संपून जायचा.

कोल्हापूर जिल्ह्यानं या विनोदाला लेखक दिले. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील हे त्यातलं ठळक नाव. गावातली माणसं कशी बोलतात, कुठं थांबतात, हो म्हणताना नाही कसं सुचवतात, हे त्यांच्या कानाला अचूक कळत असे. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ हे त्यांचं लोकनाट्य निळू फुल्यांच्या नावाशी कायमचं जोडलं गेलं. पुढं अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’मध्ये (१९६८) पाटलांच्याच कथेवर निळूभाऊंनी झेले अण्णा उभा केला आणि मराठी पडद्याला त्याचा सर्वांत लबाड पुढारी मिळाला. ‘लवंगी मिरची कोल्हापूरची’ हे लोकनाट्यही शंकर पाटलांचंच. त्यांच्या लेखनातला रांगडा विनोद कुणाला कमी लेखत नाही. गाव आपल्यालाच हसतंय असं वाटतं, आणि म्हणून तो पन्नास वर्षांनीही वाचवतो.

नाच्याबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण या हसण्याची किंमत तो मोजतो. फडात नाच्याचं काम दुहेरी असतं. तो बाईची बाजू घेऊन पुरुषाला टोचतो आणि पुरुषांच्या नजरा अंगावर घेऊन बाईला आडोसा देतो. तो ना इकडचा ना तिकडचा, म्हणून त्याला सगळं बोलायची मुभा. चित्रपटात ही भूमिका गणपत पाटलांनी अशी वठवली की तिच्याशी दुसरं नावच जोडता येत नाही. कोल्हापूरचा हा गुणी नट २००८ मध्ये गेला. पडद्यावरचं सोंग लोकांनी खरं मानलं आणि त्याचा जाच गणपत पाटलांना आणि त्यांच्या घरच्यांना सोसावा लागला. कागलच्या आनंद यादवांनी ‘नटरंग’ कादंबरीत हेच दुःख मांडलं. पिळदार अंगाचा गुणा तमाशाच्या वेडापायी फड उभारतो. नाच्या असल्याशिवाय बाई नाचायला तयार होत नाही, तेव्हा तोच नाच्या होतो आणि मग गाव, घर, इभ्रत सगळं गमावतो. १ जानेवारी २०१० ला रवी जाधवांचा चित्रपट आला तेव्हा गाण्यांची चर्चा जास्त झाली. कथेचा गाभा मात्र एवढाच आहे की प्रेमाच्या खेळात हसवणाऱ्या माणसाला हसणारे लोक आपल्यात घेत नाहीत.

सवाल-जवाबाचा असाच खेळ दूर ब्राझीलमध्येही सापडतो. साओ पावलो, मिनास जेराइस या राज्यांच्या अंतर्भागात काइपिरा म्हणजे खेडवळ माणसाचं संगीत वाढलं. पाच जोड्यांत दहा तारा असलेली व्हिओला आणि दोन गायकांची जोडी, बरेचदा सख्ख्या भावांची. कॉर्नेलिओ पिरेस या हौशी माणसानं १९२९ मध्ये पदरचे पैसे घालून या गाण्यांच्या पहिल्या तबकड्या काढवल्या, आणि त्यांत गाण्याइतकेच गावरान किस्सेही होते. पिरासिकाबाच्या बाजूला ‘कुरुरू’ नावाचा गायनझगडा चालतो. सुरुवातीला संतांना वंदन, मग दोन गायक समोरासमोर उभे राहून आयत्या वेळी रचलेल्या ओळींनी एकमेकांची खोड काढतात, आणि ठरलेलं यमक सोडायचं नाही ही अट. गण आधी, खोड्या नंतर. आपल्याकडच्या माणसाला तिथं परकं वाटू नये. अल्व्हारेंगा आणि रांशिन्यो ही विनोदी जोडी तर राष्ट्राध्यक्ष वर्गास यांचीही टिंगल करत असे.

त्यांच्याकडे मासारोपी नावाचा नट होता. ढगळ विजार, खेडवळ बोली, प्रेमात गोंधळलेला भोळा शेतकरी. १९५९ चा ‘जेका तातू’ हा त्याचा गाजलेला चित्रपट. तोवर तो स्वतःच निर्माताही झाला होता. दादा कोंडक्यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. दादांचं चित्रपटातलं पहिलं पाऊल भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’त (१९६९) पडलं, आणि १९७१ च्या ‘सोंगाड्या’त ते नाम्या झाले, म्हणजे आयेच्या धाकातला, तमाशातल्या कलावतीवर भाळलेला भोळा पोर. नाम्याला प्रियाराधन करताच येत नाही. ‘सोंगाड्या’त हसू येतं ते या न येण्याचं, आणि कलावती त्याला स्वीकारते तीही त्याच्या निरागसपणापायी. पुढच्या काही चित्रपटांत द्व्यर्थी संवाद वाढत गेले. द्व्यर्थाला माझी हरकत नाही, छक्कड लावणीत तो पहिल्यापासून आहे. पण तमाशात दोन अर्थांपैकी एक बाईच्या हातात असे आणि ती तो उलटवू शके. पडद्यावर कधी कधी दोन्ही अर्थ नायकाकडेच राहिले, आणि समोरची बाई नुसती लाजत उभी राहिली. तिथं विनोद लंगडा पडतो.

अश्लीलतेचा आरोप तमाशावर जुना आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली आणि मग दत्तो वामन पोतदारांच्या समितीच्या मार्गानं, काटछाट करून, तो पुन्हा उभा राहू दिला. त्या वादात शब्द मोजले गेले, हावभाव मोजले गेले. कोण कुणाला हसतंय हे फारसं कुणी पाहिलं नाही. माझ्या मते सभ्य-असभ्याचा निवाडा तिथूनच करायला हवा. सुलोचना चव्हाण डोक्यावर पदर घेऊन, हातही न हलवता लावणी गायच्या, आणि तरी लावणीतला एकही खट्याळ अर्थ सुटत नसे. लावणीत शब्द कसा फेकायचा हे आपण पतीकडून, श्यामराव चव्हाणांकडून शिकलो, असं त्या आवर्जून सांगत.

कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीनं या सवाल-जवाबाला मोठा पडदा दिला. अनंत माने हे त्यातले प्रमुख. त्यांच्या ‘सांगत्ये ऐका’नं (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे मुक्काम ठोकला. त्यात तमासगिरीण बोर्डावर उभी राहून गावच्या पाटलाचं पाप सगळ्यांसमोर उघडं करते. फडात पाटलाला चिमटा काढायची जी मुभा होती, तिचा इथं आरोप झाला. मग ‘सवाल माझा ऐका’ (१९६४) आला. त्याची गाणी जगदीश खेबुडकरांची. करवीर परिसरातल्या हळदीत १९३२ मध्ये जन्मलेला हा शाळामास्तर. त्यांनी भक्तिगीतं लिहिली तशाच लावण्याही लिहिल्या. १९७२ च्या ‘पिंजरा’ची गाणी त्यांची, संगीत राम कदमांचं. दिग्दर्शक व्ही. शांतारामही कोल्हापूरचेच. ‘पिंजरा’त आधी तमाशाला नाकं मुरडणारा मास्तर हसण्यावारी जातो, आणि पुढं त्याच मास्तराचं झालेलं पाहून हसू घशात अडकतं. विनोदाच्या वाटेनं प्रेक्षकाला आत घ्यायचं आणि मग शोकांतिकेत सोडायचं, हे मराठी चित्रपटात इतकं निर्दयपणे क्वचितच झालं असेल.

गाण्यातल्या बाईचे शब्द कुणाचे, हा प्रश्न अजून बाकी आहे. ब्राझीलमध्येही तो दीर्घकाळ होता. पुरुषांच्या जोड्या गात, बाईनं ऐकायचं. इनेझिता बारोसोसारखी एखादी गायिका १९५० च्या दशकात दारू पिऊन मस्तीत बोलणाऱ्या बाईचं विनोदी गाणं गाऊन गेली, पण तो अपवाद. २०११ च्या सुमारास मिशेल तेलोचं एक गाणं जगभर वाजलं. नाचात दिसलेल्या मुलीला पाहून घायाळ झालेला पुरुष त्यात हाका मारतो, आणि मुलगी काही बोलत नाही. त्या गाण्याची मूळ हाक सहलीला गेलेल्या काही मुलींनी एका तरुणाला उद्देशून रचलेली होती, हे नंतर न्यायालयीन वादात पुढं आलं. १९९५ मध्ये जन्मलेली मारीलिया मेंडोन्सा लहान वयापासून पुरुष गायकांसाठी गाणी लिहीत होती. मग ती स्वतः माइकपुढं आली आणि तिच्यासारख्या गायिकांमुळे त्या संगीतातल्या बाईला पहिल्यांदा मोठ्या आवाजात उत्तर देता आलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये विमान अपघातात ती गेली तेव्हा तो देश खरोखर हळहळला.

आपल्याकडं या प्रश्नाचं एक देखणं उत्तर कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीतच आहे. भालजी पेंढारकरांचा ‘मराठा तितुका मेळवावा’ १९६४ चा. त्यात एक लावणी आहे. रेशमी कशिदा काढलेली साडी नेसलेली बाई, त्या साडीला हात लावू पाहणाऱ्या रसिकाला दूर राहायला बजावते. कशिद्याचं कौतुक करत करतच बजावते, म्हणजे लोभही तीच लावते आणि मर्यादाही तीच आखते. शब्द शांता शेळके यांचे. गायिका आशा भोसले. संगीतकार ‘आनंदघन’, आणि आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. बाईनं लिहिलेलं, बाईनं चाल लावलेलं आणि बाईनं गायलेलं हे उत्तर. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात आजही त्यावर मुली नाचतात, आणि ‘हात लावू नका’ म्हणायची वेळ येते तेव्हा समोरच्या पोरांकडं बोट रोखून, हसत, ढोलकीच्या बरोबर मात्रेवर थांबतात.